1914–18 च्या महायुद्धाच्या खुणा खानदेशातल्या गावदप्तरात कुठे शोधायच्या?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगाव-भडगाव पट्ट्यातल्या एका गावाचा 1910 ते 1925 चा इतिहास शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचा आहे. हाताशी जन्म-मृत्यूची जुनी वही, एका आडत्याच्या खातेवह्या (बराच मजकूर मोडीत) आणि काही जुन्या नोटा आहेत. गावातून कुणी पलटणीत गेल्याची नोंद मात्र मिळत नाही. मग युद्धाचा परिणाम दाखवायचा कशावरून? 1918 मध्ये मृत्यू एकदम वाढलेले दिसतात, ते युद्धाच्या खात्यात धरावेत का? आणि कारणांत साराजेव्होचा खून एवढं लिहिलं तर चालेल का?

भुसावळ जंक्शन:
कारणांपुरतं लिहितो. खून हे निमित्त. 28 जून 1914 ला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड मारला गेला आणि त्यानंतर पूर्ण महिना युद्ध टाळता येण्यासारखं होतं. 5 जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. 23 जुलैला ऑस्ट्रियाने खुनाचा ठपका ठेवून सर्बियाला मागण्या मान्य करायला 48 तासांची मुदत दिली आणि 28 ला युद्ध पुकारलं. इथपर्यंत भांडण बाल्कनपुरतंच होतं.

ते युरोपभर पसरलं याचं मोठं कारण रेल्वेची वेळापत्रकं. लाखो माणसं, घोडे, तोफा सरहद्दीवर न्यायच्या तर प्रत्येक गाडीचा तास आधीच ठरलेला असतो. मध्येच थांबवलं तर सगळा मेळ बिघडतो आणि शत्रू पुढे निघून जातो. जर्मनीची योजना अशी की आधी साधारण 6 आठवड्यांत फ्रान्सला हरवायचं, मग रशियाकडे वळायचं. म्हणून 30 जुलैला सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाने फौजेच्या सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम काढल्यावर जर्मनीला एकेक दिवस महाग पडू लागला. फ्रान्सवर जायची वाट बेल्जियममधून होती. त्या देशाच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने 1839 च्या तहात दिली होती, म्हणून 4 ऑगस्टला ब्रिटन उतरलं. ब्रिटन उतरलं की हिंदुस्थान आपोआप युद्धात. इथल्या कुणाला विचारलं गेलं नाही. हे वाक्य स्मरणिकेत जरूर घ्या. या सगळ्यामागे आल्सास-लोरेन प्रांतांवरून 1871 पासूनचं फ्रान्स-जर्मनीचं वैर, आरमाराची चढाओढ आणि 1912–13 ची बाल्कन युद्धं होती. शाळेच्या अंकाला इतकं पुरे.

रुई-सरकी:
गिरणाकाठ भाऊ, तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे ती आडत्याची खातेवही. युद्ध आपल्याकडे आधी पोचलं ते कापसाच्या भावातून.

खानदेशची रुई आखूड धाग्याची, जाड सुताची. लँकेशायरला तिची फारशी गरज नव्हती. मोठं गिऱ्हाईक जपान, आणि त्याच्या खालोखाल जर्मनी, बेल्जियम, इटली, ऑस्ट्रिया. ऑगस्ट 1914 मध्ये यातली जर्मनी-ऑस्ट्रियाची पेठ शत्रूची झाली, बेल्जियम जर्मन फौजांखाली गेलं आणि जहाजं मिळेनाशी झाली. पीक तेव्हा शेतात उभं. म्हणजे वेचणीचा माल बाजारात आला तो पडलेल्या भावात. 1914–15 चा हंगाम 1913–14 शी ताडून पाहा. पुढे भाव सावरले आणि 1918 पर्यंत खूप चढले, पण कापड, रॉकेल, मीठही महागलं. त्यामुळे नुसता कापसाचा भाव देऊन 'शेतकऱ्याचं फावलं' असं लिहू नका. त्याच वहीत उधारीवर नेलेल्या कापडाचे आकडे असतील तर दोन्ही शेजारी मांडा.

मापं जुळवताना हमखास घोळ होतो. मुंबईची खंडी 784 पौंडांची, तीही रुईची. गावातली खरेदी सरकीसकट कपाशीची. दोन्ही भाव सरळ ताडले तर उत्तर चुकणारच. स्थानिक मणही मुंबईच्या 28 पौंडी मणाहून वेगळा असू शकतो. वहीत एखाद्या व्यवहाराचं वजन आणि एकूण रक्कम दोन्ही असतील तर त्यावरून आधी मण ठरवा, मग पुढे जा.

आता नोटा. 1 रुपयाची नोट 30 नोव्हेंबर 1917 ला निघाली आणि तिचं कारण थेट हे युद्ध. रुपयात 165 ग्रेन शुद्ध चांदी असे आणि त्याचा दर 16 पेन्स ठरलेला. लंडनमध्ये चांदी औंसाला 43 पेन्सच्या वर गेली की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. ऑगस्ट 1917 मध्ये ती हद्द ओलांडली गेली. तिकडे सरकारला फौजेचा खर्च आणि निर्यात मालाचे पैसे इथे रुपयांत चुकवायचे होते, आणि कापूस विकणारा शेतकरी रोख चांदीच मागे. शेवटी 1918 मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातली चांदी दिली. हिंदुस्थानला सुमारे 20 कोटी औंस मिळाली. खातेवहीत 'नोट' आणि 'रोख' वेगळे लिहिलेत का, नोटेवर बट्टा (दर्शनी किमतीतून कपात) कापलाय का, ते पानापानाने बघा. तसं सापडलं तर तुमच्या गावाचा तो अस्सल पुरावा.

टिकून राहिलेले परिणाम: 1917 मध्ये परदेशी सुती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात झाली, देशी गिरण्यांवरचा उत्पादनकर साडेतीनच राहिला. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांना पहिल्यांदाच आडोसा मिळाला. 1917–18 च्या कापूस समितीमुळे 1921 ला मध्यवर्ती कापूस समिती आली, 1923 ला कापूस वाहतूक कायदा, 1925 ला जिनिंग-प्रेसिंग कायदा. रुईवर पाणी मारणं, हलका माल भारी मालात मिसळणं याला त्यातून लगाम लागला. जपानवरची भिस्त मात्र सुटली नाही, आणि डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरल्यावर आखूड धाग्याची तीच पेठ एका फटक्यात बंद झाली.

भुसावळ जंक्शन:
वरच्यात एक भर. जहाजं नसल्यामुळे बंगालचा कोळसा मुंबईला समुद्राऐवजी रेल्वेने येऊ लागला. नागपूरकडून या की इटारसीकडून, वाट भुसावळवरूनच. वाघिणी (मालगाडीचे डबे) कोळशात आणि फौजी मालात अडकल्या की रुईच्या गाठी स्टेशनात पडून. वहीत 'वाघीण नाही' अशा अर्थाची नोंद दिसली तर ती सोडू नका.

मोडी लिपीकार:
मृत्यूंबद्दल. 1918 चा फुगवटा बहुतेक इन्फ्लुएन्झाचा. पण वहीत तो शब्द शोधत बसू नका. रकाने कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण असे ठरलेले असत. ही साथ 'ताप' या रकान्यात गेली. महिने पाहा. मुंबई इलाख्यात दुसरी, जीवघेणी लाट सप्टेंबर ते नोव्हेंबर, शिखर ऑक्टोबरमध्ये. आधीच्या 3–4 वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी काढा आणि 1918 च्या आकड्यातून वजा करा. वर्षाची बेरीज घेऊ नका, प्लेगचे मृत्यू त्यात मिसळतील. वयही टिपा: या साथीत 20 ते 40 वयाची धडधाकट माणसं जास्त गेली. 1919 चे जन्मही मोजा, ते घटलेले दिसतील. ऑक्टोबरची पानं कोरी असली तर मृत्यू नव्हते असं समजू नका. नोंद करणारेच आजारी पडले की वही थांबायची.

याला युद्धबळी म्हणू नका. साथ 1918 च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरातून आली, फौजांच्या आणि जहाजांच्या ये-जा करण्याने पसरली, आणि त्याच वर्षी पाऊस हुकल्याने धान्य महाग होतं. एवढं लिहिलं की संबंध नेमका येतो.

शिपायांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ऑनलाइन यादी चाळा. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव असतं. धुळ्यासाठी 'धुलिया', जिल्ह्यासाठी 'ईस्ट खानदेश' किंवा 'वेस्ट खानदेश' अशी जुनी इंग्रजी स्पेलिंगं टाका, कारण 1906 मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. भडगावचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा. मराठा पलटणींतले बरेच जण मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडले, पण बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणवार संख्या आहे. त्यामुळे स्मारकाचे फोटो पाहून शोध थांबवू नका, यादीच बघा.

गिरणाकाठ:
वहीत 1918 च्या कार्तिकात सलग सहा पानं 'ताप' आहे. तिथीवरून इंग्रजी तारीख कशी काढू?

मोडी लिपीकार:
शके 1840 चं पंचांग लागेल. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, म्हणजे कार्तिक बहुतांशी नोव्हेंबरात पडतो. आश्विनाची पानंही त्यासोबत घ्या, शिखर तिथे असेल.