गावभागातलं जुनं स्वयंपाकघर: फरशी, फडताळ, कडीपाट न उचकटता ओटा कसा बसवायचा?

कृष्णाकाठ
सांगली, गावभाग. स्वयंपाकघर १४ बाय १० फूट. भिंती दोन फुटी, मातीत बांधलेल्या भाजक्या विटांच्या. वर सागवानी कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं छत, खाली शहाबादी. एक फडताळ, तीन कोनाडे, कोपऱ्यात चुलाण, शेजारी मोरी. २०१९ च्या पुरात आत चार फूट पाणी होतं. नंतर खालचा गिलावा सिमेंटचा केला. आता तो पोकळ वाजतोय, आणि ओल त्याच्याही वर चढली आहे. उभ्यानं स्वयंपाकाचा ओटा, सिंक, चिमणी आणि ओव्हनची लाइन हवी आहे. ठेकेदार सांगतो की शहाबादीवरच टाइल टाकू, माजघराकडची भिंत पाडून ओपन किचन करू, खाली प्लायचं मॉड्युलर बसवू. यातलं काय ऐकावं?

चुनकळी
काहीच नाही. आधी भिंत, मग बाकीचं.

मातीतली भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि पृष्ठभागातून सुकते. सिमेंटनं ती वाट बुजली की पाणी वर सरकतं आणि सिमेंट जिथं संपतं तिथं बाहेर येतं. सोबतचा क्षार गिलाव्यामागे साठून फुलतो, म्हणून तो पोकळ वाजतो. सिमेंट आणि त्याच्या वरचा गिलावा ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत काढा, पण ब्रेकर लावू नका. छिन्नी-हातोडा आडवा धरा, नाहीतर विटेचा तोंडचा थर सोबत निघतो. सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडून कोरड्या ब्रशनं लोणा, म्हणजे फुललेला क्षार, झाडा. पाणी मारून धुतला तर तो परत आत जिरतो. मग भिंत किमान महिनाभर उघडी ठेवा.

मसाला: मुरवलेला चुना १, सुरखी (भाजक्या विटेची भुकटी) १, चाळलेली वाळू २. सुरखी वगळू नका, कारण नुसता चुना ओलीत नीट घट्ट होत नाही. चुनकळी (न विझवलेला चुना) पाण्यात टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. उकळून डोळ्यांत उडते. निदान पंधरा दिवस मुरू द्या. पहिला हात १२ मिमी, आठवडाभर हलकं पाणी शिंपडून दुसरा ६ मिमी. वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं मुसळ केरात. काम दिवाळीनंतर काढा. मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना घट्ट व्हायच्या आत वाळतो आणि भेगाळतो.

तुळई-खण
माजघराकडच्या भिंतीचं: वर बघा. कड्यांची किंवा तुळईची टोकं तिच्यावर टेकली असतील तर ती भार घेते, आणि मातीतल्या भिंतीत मोठं भोक पाडलं की आजूबाजूची वीटही सुटते. उजेडच हवा असेल तर दाराच्या वरच्या झडपेला काच लावा. तरीही पाडायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, ठेकेदाराच्या शब्दावर नको.

फरशीवर टाइल टाकली की मसाल्यासकट दोन इंच चढतात. उंबरा बुडतो, दार घासतं, मोरीचा उतार उलटा होतो. हलणाऱ्या लाद्यांवर खडूनं आकडे घाला, तेवढ्याच उचला, चुना-वाळूच्या थरावर परत बसवा. उतार मोरीकडे, दहा फुटांत सव्वा इंच पुरे. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, त्यामुळे बाथरूमचं ॲसिड त्यावर कधीच नको. पॉलिशही आरसा होईपर्यंत नको, ओल्या पायानं घसरायला होतं.

ओट्यासाठी भिंतीत खाच मारू नका. ८ बाय २ फुटांचा २० मिमी ग्रॅनाइट साधारण ८० किलो भरतो, वर भांडी-पाणी वेगळं. दर दोन-सव्वादोन फुटांवर कडप्प्याच्या उभ्या पाट्या द्या, उंची ३२ ते ३४ इंच, भिंतीपासून अर्धा इंच सुटं. त्या फटीवर चार इंची पट्टी उभी करा. ती ओट्याला चिकटवायची, भिंतीला नाही. सिंकच्या दोन्ही बाजूंना पाटी हवीच, आणि पुढे तीन इंचांपेक्षा कमी दगड सोडला तर तो तिथंच तडकतो. कडप्पा जुन्या घरात शोभतो खरा, पण चिंच-लिंबाचे पांढरे डाग पडतात. माझं मत: वर काळा ग्रॅनाइट, खाली कडप्पा.

प्लायचे खण पुराच्या घरात नकोत. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लायसुद्धा दिवसेंदिवस गाळात उभं राहिलं तर कडा सोडतं. पाट्यांमध्येच कडप्प्याचे कप्पे करा, सागवानी झडपा उचलून निघणाऱ्या बिजागऱ्यांवर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर, म्हणजे इशाऱ्याला, पोचली की झडपा काढून वर न्या. ४५ ही धोक्याची. तोवर थांबू नका.

फेज-न्यूट्रल
वायर खालून वर नाही, वरून खाली आणा. २०१९ च्या रेषेखाली एकही बोर्ड नको. पाच फुटांवर घ्या. वायरसाठी भिंतीत आडव्या झिऱ्या (खाचा) मारू नका. लाकडी पट्टीतून उघडी वायरिंग कडीपाटाखाली उलट छान दिसते. दिव्यांना १.५, १६ अँपिअर पॉइंटला २.५, ओव्हनला स्वतंत्र ४ चौरस मिमी आणि वेगळा एमसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग यात काटकसर नाही.

पाण्याचे पाइपही बाहेरूनच. आत गाडलेला सांधा गळायला लागला की कळेपर्यंत माती वाहून गेलेली असते. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडर मोरीच्या तोंडाशी ठेवू नका. खाली जाळी हवी, शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी.

कृष्णाकाठ
आभार. आता दोनच गोष्टी उरल्या. कडीपाटावर बोटभर काजळी आहे. आणि चुलाण काढावं का?

तुळई-खण
काढू नका. वर सुटी कडप्प्याची लादी टाका, डबे ठेवायला जागा झाली. चिमणीचा सहा इंची पाइप जुन्या धुराड्यातूनच न्या, मात्र लाकडाला कुठंही टेकू देऊ नका.

काजळी आधी कोरड्या कुंच्यानं झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा. पॉलिशपेपर नको, रंध्याच्या जुन्या खुणा जातात. पुसताना तुळईचं भिंतीतलं टोक दाभणानं टोचून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज शिरलं तर आत कुजलंय, सुताराला बोलवा. टोक शाबूत असेल तर पूर्ण सुकल्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ हात.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा परसात एकेक पसरून वाळवा.