नागपूरच्या शंकरनगर भागातील वापरलेली गाडी 2023 च्या पुरात बुडाली होती का, हे कसे ओळखावे?

मानेवाड्याची वाचक

नमस्कार. मी मानेवाडा परिसरात राहते आणि शाळेत शिकवते. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धंतोलीला न्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास असताना ऑटोतून परत येणे त्यांना आता सोसवत नाही, म्हणून घरात पहिली गाडी घेण्याचे ठरवले आहे. नवीन गाडी आवाक्यात नसल्यामुळे जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे जून 2021 मध्ये नोंदणी झालेली पेट्रोल हॅचबॅक पाहिली. नोंदणी एमएच 31 ची, 38,000 किलोमीटर चाललेली, एकच मालक आणि किंमत 5 लाख 40 हजार रुपये. चालवून पाहिली तेव्हा इंजिन शांत वाटले आणि एसीही चांगला थंड होता.

आरसीवरचा पत्ता मात्र शंकरनगरचा आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे त्या भागात काय झाले होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिवाय गाडीत सीट कव्हर अगदी कोरे आहेत आणि अत्तराचा वास इतका उग्र आहे की काचा खाली कराव्या लागल्या. विक्रेता म्हणतो की गाडीचा पाण्याशी काही संबंध नाही, आणि रविवारपर्यंत 10,000 रुपये विसार मागतो. गाडी पाण्यात गेली होती की नाही, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ व्यक्तीला खात्रीने कसे कळेल? वडिलांना घेऊन रस्त्यात अडकण्याची मला फार भीती वाटते.

अंबाझरीकर

ताई, विसार देऊ नका, एवढे आधी सांगतो आणि मग माझा अनुभव लिहितो.

त्या रात्री चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरले. माझी गाडी घराच्या पार्किंगमध्ये उभी होती. पहाटे खाली उतरलो तेव्हा पाणी सीटच्या बैठकीपर्यंत आलेले होते. शेजारच्या काकांनी वेळेवर ओरडून सांगितले म्हणून मी चावी फिरवली नाही. पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि गाडी ओढून नेण्यासाठी क्रेनची वाट पाहत बसलो. शहरात इतक्या गाड्या बुडाल्या होत्या की माझी पाळी चौथ्या दिवशी आली, आणि तोपर्यंत आतला गाळ उन्हाने वाळून कडक झाला होता. दुरुस्तीला दोन महिने लागले. विमा कंपनीने बहुतेक खर्च दिला, गाडी धुऊन-पुसून घरी आली आणि सहा महिने तिने कोणतीही तक्रार केली नाही.

तक्रारी पुढच्या पावसाळ्यात सुरू झाल्या. आधी मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकली, मग सेंट्रल लॉकिंग आपोआप उघडू-मिटू लागले, आणि दिवाळीच्या सुमारास एअरबॅगचा दिवा लागला तो कायमचाच. प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे छोटीच वाटे, परंतु वर्षभरात 40,000 रुपयांच्या वर गेले आणि यातला एक रुपयाही विम्यातून मिळाला नाही. म्हणून तुम्ही एकदा चालवून पाहिलेल्या गाडीचे इंजिन शांत होते, यावरून काहीही ठरवू नका. इंजिन हा या गाड्यांचा सर्वांत आधी दुरुस्त केला जाणारा भाग असतो. मी माझी गाडी विकेन तेव्हा घेणाऱ्याला हा सगळा इतिहास कागदावर लिहून देणार आहे.

निवृत्त सर्व्हेअर

मी बरीच वर्षे मोटार विम्याचे सर्व्हे केले आहेत, म्हणून कागदांच्या बाजूने लिहितो. गाडीला हात लावण्याआधी विक्रेत्याकडे चालू विमा पॉलिसीची पूर्ण प्रत मागा आणि त्यात एनसीबीचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा टक्का पाहा. ही सवलत ठरावीक पायऱ्यांनी चढते. दावा नसलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. दावा झाला की ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते.

आता तुमच्या गाडीचा हिशेब करा. नोंदणी जून 2021 ची आहे. कधीच दावा झाला नसेल, तर जून 2025 च्या नूतनीकरणात 45 टक्के दिसायला हवेत. सप्टेंबर 2023 मध्ये दावा झाला असेल, तर जून 2024 ला शून्य आणि जून 2025 ला 20 टक्के दिसतील. पॉलिसी संपून 90 दिवसांहून अधिक काळ खंड पडला तरीही सवलत जाते, त्यामुळे 20 टक्के हा एकटा पुरावा ठरत नाही. परंतु त्यानंतर विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मालकाकडून लेखी मागता येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस क्रमांकावर दुरुस्तीच्या नोंदी असतात. मालकाची संमती घेऊन ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या काळातील जॉबकार्ड अवश्य पाहा.

एम-परिवहन ॲपवर मालकाचा अनुक्रमांक, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते, परंतु पूर दिसत नाही. अनुक्रमांक 2 असता तर मी अधिक सावध केले असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांहून जास्त होत असेल, तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरून मालकाला पैसे देते आणि सांगाडा बोलीत विकला जातो. असे काही सांगाडे कमी खर्चात उभे करून पुन्हा बाजारात येतात. तिथे मूळ मालकाचा काही दोष नसतो आणि त्याला बहुधा पत्ताही नसतो.

अंबाझरीकरांनी चावी फिरवली नाही, हे फार मोलाचे झाले. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले नुकसान मिळते, परंतु पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन लॉक झाले, तर तो परिणामजन्य तोटा मानला जातो आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम नसेल तर दावा नाकारला जातो. त्या आठवड्यात मला हे कितीतरी कुटुंबांना सांगावे लागले, आणि ते सांगताना प्रत्येक वेळी वाईट वाटले.

पारडीचा इलेक्ट्रिशियन

सर्व्हेअर साहेबांनी कागद सांगितले, मी गाडीतल्या जागा सांगतो. पुरानंतर जवळपास वर्षभर माझ्याकडे हेच काम होते.

धुणारा माणूस जे डोळ्यांना दिसते ते धुतो. त्यामुळे सीट, छत आणि डॅशबोर्ड पाहण्यात वेळ घालवू नका. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि गुंडाळीच्या तळाशी असलेला भाग उजेडात पाहा, कारण तिथे खाकी रंगाच्या बारीक गाळाची रेषा राहते आणि ती सहसा कोणी धूत नाही. बेल्टवर निर्मितीच्या तारखेची चिठ्ठी शिवलेली असते; गाडी 2021 ची आणि बेल्ट 2023 चा असेल, तर तो का बदलला हे विचारलेच पाहिजे. मग डिकीतील स्टेपनी काढून त्या खळग्यातले सांधे पाहा, पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचा कार्पेट उचलून त्याखालच्या फोमला नाक लावून वास घ्या. अत्तर वरच राहते, फोममधला कुबट वास तसाच असतो.

खरे दुखणे वायरिंगच्या जोडांमध्ये असते. नाल्याच्या पाण्यात माती, साबण, मीठ असे सगळे असते. ते कनेक्टरमध्ये शिरून सुकले की आतल्या तांब्याच्या पिनांवर हिरवट थर धरतो, आणि हा थर महिनोन्महिने हळूहळू वाढत राहतो. वीज जाते, परंतु कमी-जास्त जाते, आणि त्यामुळेच दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचा कंट्रोल युनिट गिअरच्या मागे, अगदी फरशीवर बसवलेला असतो, त्यामुळे पाणी जेमतेम गुडघाभर आले तरी तो भिजतो. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी दिव्याचेच कनेक्शन तोडले आहे असे समजा. मला यावर फार राग येतो, कारण अपघातात एअरबॅग उघडणार नाही हे आत बसलेल्या माणसाला कळतच नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पण "एकही फॉल्ट नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. जुने फॉल्ट दोन मिनिटांत पुसता येतात. पुसले असतील तर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या अपूर्ण दिसतात, कारण त्या पूर्ण व्हायला गाडी बऱ्यापैकी चालावी लागते. मी स्वतः तपासताना दीड तास घेतो. विक्रेता कार्पेट उचलू देत नसेल, तर बाकीचे काही न तपासता परत या.

वर्धा रोड

एक वेगळे मत मांडतो. पाण्यात गेलेली गाडी जर दीड-दोन लाखांनी स्वस्त मिळत असेल आणि वायरिंगचा पूर्ण संच बदलून घेतला, तर व्यवहार वाईट नाही. माझ्या भावाने तसे केले आहे आणि गाडी व्यवस्थित चालते.

अंबाझरीकर

गाडीची हौस असलेल्या आणि घरी दुसरे वाहन असलेल्या माणसाला ते परवडेल. ताईंना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी डायलिसिसला पोहोचायचे आहे. कधी बंद पडेल हे सांगता न येणारी गाडी त्यांनी अर्ध्या किमतीतही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानेवाड्याची वाचक

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. शनिवारी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन गेले. पॉलिसीची प्रत मागितली तर आधी फक्त पहिले पान दाखवले. आग्रह धरल्यावर दुसरे पान मिळाले आणि त्यावर एनसीबी 20 टक्के होता. मागच्या डाव्या बेल्टच्या शेवटी बोटभर रुंदीची खाकी रेषा मला स्वतःला दिसली, आणि स्टेपनीच्या खळग्यात ताज्या काळ्या रंगाखाली गंज होता. कार्पेट उचलण्याची वेळच आली नाही. विक्रेत्याने तिथल्या तिथे 90,000 रुपये कमी करण्याची तयारी दाखवली. चार दिवसांपूर्वी हीच सवलत मिळाली असती तर मी आनंदाने विसार दिला असता, हे आठवून अजूनही अंगावर काटा येतो.

आता आमच्या शाळेतील एका सरांची गाडी पाहते आहे. नोंदणी ऑक्टोबर 2019, एमएच 31, चालू पॉलिसीत एनसीबी 50 टक्के, आणि गाडी कायम त्रिमूर्तीनगरात पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी असते. बेल्ट आणि स्टेपनीची जागा स्वच्छ आहे. कर्ज फिटले आहे, परंतु आरसीवर बँकेचे नाव अजून आहे. कागदांत काय पाहावे?

निवृत्त सर्व्हेअर

बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 सरांनी आधी मिळवावा, बोजा उतरवून घ्यावा, आणि तो उतरल्याचे ॲपवर दिसल्यानंतरच उरलेली रक्कम द्यावी. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा, म्हणजे त्याआधीची ई-चलाने कोणाची हा प्रश्न उरणार नाही. हस्तांतरणानंतर 14 दिवसांच्या आत विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. 50 टक्के एनसीबी हा सरांचा आहे, गाडीचा नाही, त्यामुळे तो तुम्हाला मिळणार नाही आणि हप्त्यातील फरक भरावा लागेल. ती रक्कम बजेटमध्ये आताच धरा.

टायर मूळचेच असतील तर बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांच्या उन्हाने रबर कडक होते आणि बाजूने बारीक तडे जातात. नागपूरच्या मे महिन्यात अशा टायरांवर वडिलांना नेऊ नका. चारही टायर मार्चच्या आत बदला आणि स्टेपनीही तपासून घ्या.