मुंबई सिटीचे गोल आटले ते कोचमुळे की सहा नंबर गेल्यामुळे?

शहाड_लोकल

इंडियन सुपर लीगचा २०२४-२५ चा, म्हणजे यंदाचा, फुटबॉल हंगाम आपल्या मुंबई सिटीसाठी कसा संपला ते सगळ्यांनी पाहिलं. साखळीत सहावा नंबर, २४ सामन्यांत ३६ गुण, आणि २९ मार्चला कांतीरवा मैदानावर बंगळुरूकडून ५-० ने प्लेऑफमधून बाहेर. तेव्हापासून जो तो कोच पेत्र क्रॅट्कीच्या नावानं खडे फोडतोय. भित्रा कोच, बचावात्मक खेळ, आधीचा कोच बकिंगहॅम असता तर असं झालं नसतं, वगैरे. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

आधी साखळीतले गोल बघा. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४. पुढच्या वर्षी २२ सामन्यांत ४२. यंदा २४ सामन्यांत २९. म्हणजे सामन्यामागे पावणेतीनवरून सव्वावर आलो. ही घसरण क्रॅट्की यायच्या आधीच सुरू झाली होती, आणि ज्या क्रमानं गोल आटले त्याच क्रमानं आपल्या मधल्या फळीतले सहा नंबर, म्हणजे बचावफळीच्या लगेच पुढे खेळणारे मिडफिल्डर, गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात अहमद जाहूह आपला जुना कोच लोबेराच्या मागोमाग ओडिशाला. २०२४ च्या उन्हाळ्यात अपुईया मोहन बागानला.

जाहूह काय करायचा ते आठवा. गोलकीपरकडे चेंडू आला की हा दोन सेंटर-बॅकच्या मधे उतरायचा. फॉल आणि दुसरा सेंटर-बॅक रुंद पसरायचे, दोन्ही फुलबॅक वर निघायचे. समोरचा स्ट्रायकर दाबायला आला तरी जाहूह घाई करत नसे. चेंडू तळव्याखाली थांबवायचा, समोरच्याला आणखी दोन पावलं पुढे येऊ द्यायचा, आणि मग मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला तिरका चेंडू. तो थेट विंगर बिपिनच्या धावेत पडायचा, समोरचा फुलबॅक वळायच्या आत. बिपिन आणि छांगते समोरासमोर एकटा बचावपटू मिळेल अशा स्थितीत कितीदा तरी यायचे, ते या पासमुळे. विंगवरचा गोल आपल्याला विंगवर दिसतो, पण तो पन्नास मीटर मागे तयार झालेला असतो.

अपुईया वेगळा खेळाडू. तो लांब पास कमी मारायचा, पण चेंडू हरवला की चार सेकंदांत परत आणायचा. त्यामुळे आपली बचावफळी वर उभी राहू शकत होती.

आता मधे उरला यॉएल व्हॅन निफ. पास चांगला आहे त्याचा, नजरही आहे. पण जाहूहचं काम आणि अपुईयाचं काम अशी दोघांची कामं एकट्यानं कशी करायची? चेंडू गेला की मागे मोकळं रान. मग कोचनं बचावफळी मागे ओढली नाही तर करायचं काय? क्रॅट्की आणि बकिंगहॅम दोघंही मेलबर्न सिटीत सहायक होते, एकाच तालमीतले. विचार तोच आहे, माणसं ती नाहीत.

ठाणे_पूर्व_गॅलरी

आकडे बरोबर, निष्कर्ष चूक.

१५ एप्रिल २०२४ आठवतोय ना? कोलकात्याचं सॉल्ट लेक, साखळीचा शेवटचा सामना. आपले ४७ गुण, बागानचे ४५. नुसती बरोबरी केली असती तरी साखळीत पहिल्याला मिळणारी शिल्ड आपली होती. अपुईया तेव्हा आपल्याकडेच होता. काय खेळलो आपण? बरोबरी राखायला उतरलो आणि बागानच्या लिस्टननं २८ व्या मिनिटाला गोल मारल्यावरही तासभर तसंच. ८० व्या मिनिटाला दुसरा खाल्ला, मग जाग आली, ८९ व्या मिनिटाला छांगतेनं एक फेडला. तोवर शिल्ड गेली होती.

त्याच मैदानावर, त्याच बागानविरुद्ध ४ मेला प्लेऑफची फायनल. मध्यंतराला ०-१ ने मागे. दुसऱ्या अर्धात मोकळं खेळलो आणि डियाझ, बिपिन, व्होयतुश अशा तीन गोलांनी ३-१ ने कप उचलला. तीन आठवड्यांत खेळाडू बदलले नव्हते, ड्रेसिंग रूममधून आलेला निरोप बदलला होता. मागे पडल्याशिवाय पुढे जायचंच नाही, ही या कोचची सवय आहे. यंदाच्या पहिल्याच सामन्यात पुन्हा तेच. बागानविरुद्ध ०-२, आणि मग २-२.

नऊ बरोबऱ्या झाल्या यंदा. नऊ! त्यातल्या निम्म्या जरी जिंकलो असतो तरी प्लेऑफसाठी शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागला नसता.

शहाड_लोकल

त्या २-२ मधले आपले दोन गोल कोणी केले ते सांगा की. तिरी आणि थाएर क्रूमा. दोघंही सेंटर-बॅक! बचावपटूंनी पुढे जाऊन संघाला वाचवावं लागलं, याचा अर्थ मधून चेंडू पुढे जातच नव्हता. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

मडगावचो_भुरगो

गोव्याचा पाठीराखा आहे, तरी लिहितो, कारण या चर्चेत आमचं नाव यायलाच हवं होतं.

जाहूह, फॉल, बुमू, मंदार राव देसाई आणि खुद्द सर्जिओ लोबेरा, सगळे २०२० मध्ये आमच्याकडून तुमच्याकडे आले. त्याच हंगामात तुम्ही शिल्ड आणि कप दोन्ही जिंकलात, कपची फायनल तर आमच्या फातोर्ड्यालाच, बिपिनच्या ९० व्या मिनिटाच्या गोलानं. तेव्हा आम्ही रडत बसलो नाही.

आणि आता २०२४ चा उन्हाळा बघा. तुमचा अपुईया गेला, तसा आमचा नोआ केरळला गेला. आमचा ब्रँडन फर्नांडिस तर तुमच्याकडेच आला! त्या एप्रिलमध्ये सेमीफायनलला ज्यानं तुमच्याविरुद्ध आमचा दुसरा गोल मारला होता तो ब्रँडन. (त्या रात्री ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होतो आणि ३-२ ने हरलो. गॅलरीत कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. छांगतेचं ते काम मी जन्मात विसरणार नाही.)

एवढे दोन मोठे खेळाडू जाऊनही आमच्या कोच मनोलो मार्केझनं आम्हाला ४८ गुणांसह दुसऱ्या नंबरवर नेलं, वर मे महिन्यात सुपर कपही जिंकून दिला. खेळाडू सगळ्यांचेच जातात. कोच त्यातून वाट काढतो की नाही, हाच प्रश्न आहे. ब्रँडनसारखा माणूस हाताशी असताना संघ २९ गोलांवर अडकतो, याला कोच जबाबदार नाही तर कोण?

शहाड_लोकल

मडगावकर, तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ब्रँडन आणि नोआ गेले, बरोबर. पण ते दोघं कुठं खेळायचे? पुढे. तुमचा कार्ल मॅकह्यू कुठं गेला? कुठंच नाही. मधे खिळा ठोकल्यासारखा उभा होता तो. मनोलोनं पुढची माणसं बदलली आणि मधला माणूस जपला. आपण पुढची बदलली आणि मधलाही गमावला. ब्रँडनला शेवटचा पास द्यायला चेंडू गोलपासून तीस मीटरवर मिळायला हवा. तो तिथं आणून देणारा कोण उरला होता?

पेठेतला_बॅक

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहारची मॅच लागली की सहा नंबर कोण, हे कोण विचारत नाही, गोल मारणारा कोण हे विचारतात. तुम्ही सगळे मधल्या फळीत अडकलाय.

शहाडकर, तुमच्या हिशोबात एक वर्ष गाळलंय तुम्ही. २०२१-२२. त्या वर्षी बकिंगहॅम होता, जाहूह होता, अपुईयाही आलेला होता. कितवे आलो? पाचवे. पहिल्या चारातसुद्धा नाही. मग पुढच्या वर्षी असं काय घडलं की एकदम ४६ गुण आणि ५४ गोल? तर ग्रेग स्टुअर्ट आला जमशेदपूरहून आणि डियाझ आला केरळहून. स्टुअर्ट आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, जमशेदपूरला शिल्ड देऊन आलेला. जाहूहचे तिरके पास आधीच्या वर्षीही पडत होतेच की. ते पडल्यावर पुढं काय करायचं ते या दोघांना कळत होतं.

डियाझ नुसता गोल मारायचा नाही. समोरच्या सेंटर-बॅकच्या अंगावर जायचा, भांडायचा, त्याला सुखानं पास देऊ द्यायचा नाही. बचाव तिथनंच सुरू व्हायचा. निकोस कारेलिस चांगला नऊ नंबर आहे, गोल केलेत त्यानं, पण धावत अंगावर जाणारा तो नव्हे. आणि डियाझला आपण सोडला कुणाकडं? बंगळुरूकडं. त्या ५-० मधला पाचवा गोल त्याचाच आहे. बघवत नव्हतं.

अजून एक राहवत नाही म्हणून लिहितो. राहुल भेके मुंबईचा पोरगा, तोही त्याच उन्हाळ्यात बंगळुरूला. क्लबच्या नावात मुंबई आहे. आमच्या अनिकेत जाधवसारखी पोरं १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळून दुसऱ्यांच्या जर्सीत लीग खेळतात. याबद्दल कोण बोलणार?

बालेवाडी_नॉर्थ

भेकेबद्दल शंभर टक्के सहमत. पण सहा नंबरच्या वादात मी शहाडकरांच्या बाजूनं, आणि माझं उदाहरण आशियातलं आहे.

एप्रिल २०२२, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग. इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि विजयी हेडर भेकेचा. पुढे त्याच संघाला परत १-० ने हरवलं, गटात दुसरे आलो. कोच बकिंगहॅम, संघात जाहूह.

सप्टेंबर २०२३. कोच तोच बकिंगहॅम. जाहूह गेलेला. आपले घरचे सामने पुण्यात, म्हणून नस्साजी माझंदरानविरुद्ध बालेवाडीला मी होतो. वरच्या रांगेतून सगळा आकार दिसतो. आपले सेंटर-बॅक चेंडू घेऊन उभे, आणि पुढे पास द्यायला माणूसच नाही. डावीकडे द्यायचा, परत घ्यायचा, उजवीकडे द्यायचा, परत घ्यायचा. शेवटी उंच मारायचा आणि इराणी बचावपटूंनी डोक्यानं परत पाठवायचा. ०-२. पुढे अल हिलालनं रियाधला सहा घातले. गटातले सहाच्या सहा सामने हरलो.

शेवटचे दोन सामने सोडले तर कोच तोच, विचार तोच. मधला माणूस नाही, तर निकाल हा.

ठाणे_पूर्व_गॅलरी

बालेवाडीकर, एअर फोर्स क्लब आणि अल हिलाल यांची तुलना कशी करता? मित्रोविच, मिलिन्कोविच-साविच, रुबेन नेव्हेस अशा संघापुढे दोन जाहूह असते तरी हरलोच असतो.

पण खरा प्रश्न मला शहाडकरांना विचारायचाय. ११ मार्चला कांतीरवावर आपण बंगळुरूला २-० ने हरवलं, त्याच विजयामुळे सहावे आलो. २९ मार्चला त्याच मैदानावर ०-५. जाहूह दोन्ही सामन्यांत नव्हता, अपुईयाही नव्हता. मग अठरा दिवसांत काय बदललं? पहिल्या सामन्यात जिंकण्यासाठी उतरलो, दुसऱ्यात हरू नये म्हणून. बंगळुरूच्या सुरेशनं नवव्या मिनिटाला गोल केल्यावर आपल्याकडे दुसरी योजनाच नव्हती. एक गोल खाऊन पाच खाणं याला खेळाडूंची कमतरता म्हणत नाहीत.

शहाड_लोकल

नवव्या मिनिटाला मागे पडलो की उघडं खेळणं आलं. उघडं खेळलं की चेंडू हरवल्यावर मागे धावणारा लागतो. तो नव्हता, म्हणून एकाचे पाच झाले. ११ मार्चला पुढे गेलो होतो, आकार राखून खेळता आलं, म्हणून ती उणीव झाकली गेली. योजना बदलायची म्हटलं तरी ती निभावणारा माणूस लागतो.

पेठकर, २०२१-२२ चा मुद्दा: पाचवे आलो हे खरं. पण त्याच संघानं हंगाम संपल्यावर रियाधमध्ये ते दोन विजय मिळवले, तेही स्टुअर्ट आणि डियाझ नसताना.

आणि शेवटचं. यंदा शिल्ड आणि कप दोन्ही कोणी नेले? मोहन बागाननं, साखळीत ५६ गुण घेऊन. सेमीफायनलला जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत बॉक्सच्या बाहेरून विजयी गोल कोणी मारला? अपुईयानं.

पेठेतला_बॅक

आणि त्याच बागानमधे यंदा ग्रेग स्टुअर्टही होता. तो का विसरता?

ठाणे_पूर्व_गॅलरी

म्हणजे दोघंही आपलेच. मग हे दोघं हातचे जाऊ देणाऱ्यांना जाब कोण विचारणार? तोवर माझी मागणी एवढीच: क्रॅट्की राहणार असेल तर पुढच्या हंगामात घरच्या मैदानावर, अंधेरीला, व्हॅन निफच्या जोडीला एक पळणारा भारतीय मिडफिल्डर द्या आणि पहिल्या मिनिटापासून बचावफळी वर ठेवून खेळा. तरीही गोल आले नाहीत, तर शहाडकर म्हणतात ते मान्य करीन.

शहाड_लोकल

पळणारा भारतीय मिडफिल्डर हवा, हेच तर मी पहिल्या पोस्टपासून सांगतोय. तो आणा, मग बचावफळी वर ठेवायला कोचला कोणी सांगावं लागणार नाही.