टोकारेव्हच्या केसला वंगण लागतंच

झाडलेली काडतुसं पुन्हा भरताना ९ मिमीची केस (काडतुसाचं पितळी कवच) कार्बाइड डायमध्ये, म्हणजे कवच दाबून मूळ मापात आणणाऱ्या अतिकठीण साच्यात, कोरडीच चालते, मग ७.६२×२५ टोकारेव्ह या पिस्तुलाच्या काडतुसाला वंगणाचा खटाटोप कशाला, असं विचारतात. कारण खांदा, म्हणजे केसचं रुंद अंग जिथे बुलेट धरणाऱ्या अरुंद मानेकडे निमुळतं होतं तो भाग. सरळ केसला डायमधली कार्बाइडची एक कडी दाबते. इथे मात्र अंग, खांदा आणि मान तिन्ही एकदम पोलादात घासतात. कोरडी केस डायमध्ये अडकते, आणि ओढायला गेलात तर रिम (बुडाची कडा) फाटते. वंगण बोटाने पुसटसं, तेही फक्त अंगाला. जास्त झालं की खांद्यावर खळगा पडलेला दिसेल.

डाय गरजेपेक्षा खाली बसवू नका. हे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतुसाची जागा) खांद्यावरच टेकतं. खांदा फार मागे गेला तर केस ताणली जाते आणि बुडाजवळ तडकते. बॅरल काढून त्यात केस टाकून नीट बसते का बघा, हा माझा आवडता उपाय.

मान आखूड, म्हणून बुलेटवरची पकडही तपासा. तयार काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबा. बुलेट आत सरकली तर ते झाडू नका.

आणि हे कळकळीने सांगतो: मापं जवळपास सारखी म्हणून टोकारेव्हचा डेटा (किती दारू भरायची याची मापं) १८९६च्या माउझर पिस्तुलासाठी वापरू नका. त्याच्या ७.६३ माउझर काडतुसाचा डेटा वेगळा, दाब कमी. जुनं पिस्तूल फुटेल, हातही जाईल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. वरचं सगळं अमेरिकेतल्या मंडळींसाठी.