डायल-अप बीबीएस (फोन लावून जोडायचं, कॉम्प्युटरवरचं निरोपांचं बोर्ड) सुरू करायचं आहे (नाशिक): मोडेम, लाइन, सॉफ्टवेअर, मराठी यांबद्दल सल्ला हवा. बजेट ₹७०००

विज्ञानताई (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते. पंचवटीतल्या एका वाचनालयात दर रविवारी आठवी-नववीच्या मुलांचं विज्ञान मंडळ चालवतो. इंटरनेटच्या आधी कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलायचे, असं एका मुलीने विचारलं आणि मला ते व्हिडिओवर दाखवायचं नाहीये. मुलांनी वाचनालयातून नंबर फिरवावा, मोडेमचा (कॉम्प्युटरची माहिती आवाजात बदलून फोनच्या लाइनवर पाठवणाऱ्या डब्याचा) आवाज ऐकावा, माझ्या घरच्या मशीनवर लॉगिन करून निरोप ठेवावा आणि पुढच्याने फोन करून तो वाचावा, असं मनात आहे.

हाताशी भावाचा जुना पेन्टियम आहे, मागे दोन सिरियल पोर्ट (मोडेमची केबल लावायच्या जागा). वाचनालयात विंडोज ७ चा डेस्कटॉप आणि अजून तांब्याची जुनी फोन लाइन आहे. घरी मात्र फायबरच्या डब्यातून फोन येतो. दोन्ही टोकांचं मिळून बजेट ७००० रुपये.

मोडेम कुठला आणि कुठे मिळेल? फायबरच्या फोनवर तो चालेल का? सॉफ्टवेअर कोणतं? आणि मुलांना मराठीत लिहिता यायला हवं.

लॅमिंग्टनवाला (मूळ नाशिक रोड, आता ठाणे)
ताई, दुसरं काही बघूच नका. यूएस रोबोटिक्स कंपनीचा कुरिअर मोडेम घ्या. माझ्याकडे जोडी आहे, दोन्ही ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट्स). जोडीला चौदा हजार मोजले आणि एक रुपयाही वाया गेला नाही. लाइनवर कितीही खरखर असू द्या, पठ्ठ्या जोडणी सोडत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, दोन-तीन दुकानांत जुना माल अजून निघतो.

पाथर्डी_फाटा
सरळ रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यावर सिंक्रोनेट हे बीबीएसचं सॉफ्टवेअर टाका, टेलनेटने (म्हणजे इंटरनेटवरून) जोडा. फुकट, मुक्त स्रोत, आजही त्यावर काम चालू आहे. मोडेमच्या भानगडीत पडायचं कारणच नाही. माझं बोर्ड असंच चालू आहे, परदेशातूनही लोक येतात.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट
@लॅमिंग्टनवाला, बजेट सात हजार लिहिलंय हो त्यांनी. आणि ५६के दोन घरगुती लाइनींमध्ये कधीच मिळत नाही. व्ही.९० ला (५६के ची पद्धत) एका टोकाला एक्सचेंजकडून थेट डिजिटल लाइन लागते, जशी तेव्हा इंटरनेट कंपन्यांकडे असायची. मोडेम ते मोडेम कमाल ३३.६. तुमचे कुरिअरही एकमेकांशी तेवढ्यावरच बोलत असणार.

ताई, तुमचा खरा प्रश्न फायबरचा आहे. तो डबा आवाजाचे बारीक तुकडे करून पाकिटांतून पाठवतो. एखादं पाकीट हरवलं किंवा उशिरा आलं की डबा ती जागा अंदाजाने भरून काढतो. माणसाच्या कानाला कळत नाही, पण मोडेम त्या स्वरांच्या फेजमधून माहिती वाचत असतो, त्याला लगेच कळतं. त्यामुळे व्ही.३४ सारख्या वेगवान पद्धती पुन्हा पुन्हा रिट्रेन होतात (नव्याने जुळवाजुळव करतात) आणि शेवटी फोन कापतात. जी.७२९ कोडेक (आवाज फार दाबून पाठवायची पद्धत) असेल तर मोडेमची आशाच सोडा, जी.७११ असेल तर जमतं. माझा सल्ला: दोन्ही टोकांना वेग २४०० वर बांधून टाका, व्ही.२२बिस. मोडेमच्या आज्ञा एटीने सुरू होतात; यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला एटी&एन३ दिलं की तो २४०० च्या वर जातच नाही.

लॅमिंग्टनवाला
३३.६ मलाही माहीत आहे. मुद्दा टिकाऊपणाचा होता. स्वस्त घेणारे दोनदा घेतात.

सिन्नरकर
मोडेम घेताना जपून. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला "हार्डवेअर मोडेम" म्हणून चक्क विनमोडेम पाठवला. त्यात डोकंच नसतं, सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरने करायचं. डॉसमध्ये तो मेलेला. परत घ्यायलाही तयार नाही. म्हणून बाहेर ठेवायचा, सिरियल केबलचा मोडेमच घ्या.

दुसरं, अमेरिकेहून आलेला मोडेम असेल तर त्याचा अडॅप्टर ११० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीत थेट लावला की धूर. आणि बऱ्याच जुन्या मोडेमना बाहेर एसी देणारा अडॅप्टर लागतो. यूएस रोबोटिक्सच्याच स्पोर्टस्टर मोडेमला ९ व्होल्ट एसी. दुकानदार हमखास डीसीवाला हातात देतो. मोडेमच्या तळाशी काय छापलंय ते वाचून मगच लावा.

जुना_कॉलर (देवळाली कॅम्प)
ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकहून मुंबईच्या बोर्डांना फोन लावायचो. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून सगळे अकरा वाजायची वाट बघत बसायचे आणि नेमकी तेव्हाच लाइन बिझी. एक फोन, एक माणूस. आपण काही वाचत असताना मध्येच स्क्रीन थांबायचा आणि सिसॉप (बोर्ड चालवणारा) स्वतः टाइप करायला लागायचा, "काय रे, अजून जागा?" ज्याचं बोर्ड त्याच्या घरात, तो स्वतः हजर. पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि एकेक जण तिकडे गेला.

मुलांना पहिल्या बोर्डाची गोष्ट जरूर सांगा. जानेवारी १९७८, शिकागोत प्रचंड हिमवादळ, वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस घरी अडकलेले. त्यातून सीबीबीएस जन्मलं आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला सुरू झालं. बोर्डाच्या आधीच, १९७७ मध्ये, क्रिस्टेन्सन यांनी एक्समोडेम (मोडेमवरून फाइल पाठवायची पद्धत) लिहिलं होतं. दोघेही आता नाहीत, सूस २०१९ मध्ये गेले, क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये.

एक कामाचं: बोर्डावर प्रत्येक कॉलची वेळ बांधून द्या. नाहीतर एकच मूल तासभर बसेल आणि बाकीचे बाकावर.

पाथर्डी_फाटा
टेलनेटवर एकाच वेळी दहा मुलं बसू शकतात. पुन्हा सांगतो, पाय आणि सिंक्रोनेट.

पुणेकर_टेलिकॉम
सिंक्रोनेटला मोडेमही जोडता येतो, सेक्सपॉट्स नावाचा छोटा प्रोग्राम त्यासाठीच आहे. पण मी वेगळंच सुचवतो. जुना इंटरकॉम ईपीएबीएक्स डबा शोधा, दवाखान्यांत नि हॉटेलांत असतो तसला. दोन एक्स्टेन्शनना दोन मोडेम लावा. मुलं २१ फिरवतील, पलीकडचा मोडेम उचलेल. बाहेरची लाइन नको, फायबरची कटकट नको, बिल नको. शिवाय दोन्ही मशीन एकाच खोलीत, म्हणजे मुलांना दोन्ही टोकं दिसतील.

तेही नको असेल तर दोन मोडेम फोनच्या वायरीने थेट जोडा, एकावर एटीएक्स१डी (फोन लावायची आज्ञा) आणि दुसऱ्यावर एटीए (उचलायची). बहुतेक वेळा जमतं.

मोडेमसाठी बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर चक्कर टाका, भंगारात कधीकधी निघतात.

विज्ञानताई
सगळ्यांचे आभार. काही गोष्टी स्पष्ट करते. टेलनेट नको, कारण मग मुलांच्या दृष्टीने ते इंटरनेटच झालं. ईपीएबीएक्सचा विचार छान आहे, पण पंचवटीतून फिरवलेला नंबर इंदिरानगरच्या घरात वाजतो, हेच मला दाखवायचं आहे. एकाच खोलीत ते कळणार नाही.

घरची अडचण ही की, सासूबाईंच्या बहिणीचा फोन रोज दुपारी येतो. मोडेमने उचलून तिच्या कानात किंचाळायला नको. आणि मराठीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट
एस० रजिस्टर (किती रिंगनंतर उचलायचं तो मोडेममधला आकडा) शून्य ठेवा, मोडेम स्वतःहून उचलणार नाही. ठरल्या वेळेला बोर्डाच्या प्रोग्रामने एटीएस०=१ पाठवायचं, वेळ संपली की पुन्हा शून्य. दुपारी मावशींचा फोन नेहमीसारखा वाजेल.

कॉल वेटिंग मात्र बंदच करून घ्या. मध्ये एक बीप आली की जोडणी तुटते.

आणि वाचनालयातून डायल करताना "नो डायलटोन" आला तर घाबरू नका. आपला डायलटोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते. परदेशी मोडेमला तो ओळखीचा वाटत नाही. एटीएक्स३ दिलं की तो डायलटोनची वाट न बघता नंबर फिरवतो आणि बिझी टोन तरीही ऐकतो.

फॉन्टवाली (कॉलेज रोड)
मराठीचं माझ्याकडे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत तीन-तीन बाइट्स खातं. २४०० वर सेकंदाला साधारण २४० बाइट्स येतात, म्हणजे ८० चिन्हं. तरी वाचण्याच्या वेगापेक्षा जास्तच, त्यामुळे वेगाची चिंता करू नका. दोन्ही मोडेममध्ये व्ही.४२बिस (माहिती दाबून पाठवायची सोय) असेल तर आणखी बरं, कारण प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट्स जवळपास तेच ते असतात, ते छान दाबले जातात.

खरी गोची दुसरी आहे. जुनं बोर्ड एक बाइट म्हणजे एक घर असं मोजतं. ८० घरांची ओळ २६ चिन्हांतच भरते आणि ओळ कधी एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटते. मग कचरा दिसतो. टर्मिनल प्रोग्रामही (फोन करणाऱ्याला बोर्ड दाखवणारा) प्रत्येक चिन्ह आपल्या चौकटीत बसवतो, त्यामुळे "विज्ञान" मधला ज्ञ फुटतो. पूर्वी सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावर हे सोडवलं होतं, एका चिन्हाला एक बाइट. पण आज विंडोज ७ वर ते उभं करणं मुलांसाठी जड आहे. म्हणून माझंही मत सिंक्रोनेटच, त्याला यूटीएफ-८ कळतं.

सिन्नरकर
आमच्याकडे सगळे रोमनमध्येच लिहायचे, "kasa kay" च्या धर्तीवर. कुणाचं काही अडलं नाही.

फॉन्टवाली
मुलांना मराठीत लिहायचंय असं ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंय. आणि तुम्ही ते रोमन इथेही घुसवलंत.

गंगापूर_रोड
वीज पडायच्या दिवसांत फोनची वायर काढून ठेवा. मागच्या वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात आमच्या गल्लीतले तीन राउटर एका दणक्यात गेले. फायबरला धोका कमी, पण वाचनालयाची तांब्याची लाइन खांबावरून येत असेल तर तिथे फोनच्या लाइनचा सर्ज प्रोटेक्टर बसवाच. सॉकेटवाला वेगळा आणि लाइनवाला वेगळा. लोक फक्त सॉकेटवाला घेतात आणि वीज मात्र फोनच्या वायरीने आत येते.

लॅमिंग्टनवाला
कुरिअर असता तर वाचला असता.

विज्ञानताई
मंडळी, ठरलं, आणि कामही सुरू झालं. बहुतेकांनी सिंक्रोनेट सांगितलं, तरी मी मॅक्सिमस हे जुनं बीबीएस सॉफ्टवेअर घेतलं. ते पुढे जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालंय, भावाच्या पेन्टियमवर डॉसमध्ये चालतं, मोडेमशी बोलायला फक्त बीएनयू हा फॉसिल ड्रायव्हर (सिरियल पोर्ट सांभाळणारा छोटा प्रोग्राम) आधी चढवावा लागतो. सगळं एका छोट्या हार्ड डिस्कवर मावतं, आणि कोणती फाइल काय करते ते मुलांना उघडून दाखवता येतं. ते मला पायवर जमलं नसतं.

दोन स्पोर्टस्टर मिळाले, एक बुधवारच्या बाजारात, एक ओळखीच्यांच्या माळ्यावर. दोन्हींच्या तळाशी ९ व्होल्ट एसी छापलेलं होतं, तेच अडॅप्टर बनवून घेतले. सिन्नरकर, धन्यवाद. एटी&एन३ घालून २४०० वर जोडणी लागते आणि टिकते. खरखर आली तरी व्ही.४२ (मोडेममधली चुका सुधारायची सोय) चुकलेला भाग पुन्हा मागून घेतं.

मराठीसाठी असं करतोय: बोर्डावर मेन्यू नि छोटे निरोप इंग्रजीत. मराठी मजकूर मुलं वाचनालयात नोटपॅडमध्ये लिहितात, यूटीएफ-८ मध्ये साठवतात आणि टेरा टर्म या टर्मिनल प्रोग्राममधून झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने बोर्डाच्या फाइल विभागात चढवतात. पुढचा फोन करून उतरवतो आणि नोटपॅडमध्ये वाचतो. एकही जोडाक्षर फुटत नाही. हजार चिन्हांच्या पानाला बारा-तेरा सेकंद लागतात. तेवढ्यात मुलं मोडेमच्या दिव्यांकडे बघत बसतात.

एका रविवारी मुद्दाम एक्समोडेमही वापरणार आहे. १२८ बाइट्सचा ठोकळा, मागे एक चेकसम (पडताळणीची बेरीज), चुकलं की "पुन्हा पाठव". फळ्यावर काढता येईल इतकं सोपं आहे.

फॉन्टवाली
हे मला सुचलं नव्हतं, छान केलंत. एक लक्षात ठेवा, एक्समोडेम शेवटचा ठोकळा कंट्रोल-झेडने भरून काढतं. नोटपॅडमध्ये फाइलच्या शेवटी चौकोन दिसले तर मुलांना घाबरवू नका, ते खोडायला सांगा.

पाथर्डी_फाटा
पेन्टियमची जुनी हार्ड डिस्क कधीही बसेल. पाय असता तर कार्ड बदललं की झालं. निदान रोज बॅकअप घ्या.

जुना_कॉलर
बोर्ड कधी चालू असतं? आमच्याकडे तांब्याची लाइन अजून आहे आणि माझा मोडेमही. मलाही लॉगिन करायचंय.

विज्ञानताई
काका, रविवारी सकाळी दहा ते बारा मुलांसाठी, आणि बुधवारी रात्री आठ ते नऊ तुमच्यासारख्यांसाठी ठेवते. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते. प्रत्येक कॉलला वीस मिनिटं. बुधवारी मी समोर असेन, मध्येच टाइप करीन.