फायरमन भरती : भावाची उंची 167, डिप्लोमाची फी भरावी का?

सेलूकर
नमस्कार मंडळी. लहान भाऊ फायरमन व्हायचंच म्हणून बसलाय. बारावी 54 टक्के, वय 21, उंची 167. एक खासगी संस्था म्हणायलीय, एक वर्षाचा फायर-सेफ्टी डिप्लोमा करा, महापालिकेत नोकरी पक्की. फी 60 हजार. आईनं सोयाबीनचे पैसे काढून ठेवलेत. भरू का?

गोदाकाठ
एक रुपयाही देऊ नका. महापालिकांच्या जुन्या जाहिराती काढून बघा. फायरमनला बहुतेक ठिकाणी राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा 6 महिन्यांचा अग्निशामक कोर्स मागतात. ते केंद्र मुंबईत, कलिन्याला. खासगी डिप्लोमा कंपनीत सेफ्टीच्या कामाला चालेल, पण या भरतीत अर्ज छाननीतच उडतो.
त्या कोर्सला दहावी 50 टक्के (राखीवला 45), उंची 165, वजन 50 किलो, छाती 81 आणि फुगवून 86. उंचीत भाऊ बसतोय. खुल्या गटात असाल तर वयाकडं बघा, 23 च्या पुढं घेत नाहीत. प्रवेशाची जाहिरात आली की अटी नीट वाचून लगेच अर्ज टाका.

सेलूकर
आणि मुंबईची भरती? तिथं कोर्स लागत नाही म्हणतात.

लातूरवाला
नाही लागत, निवड झाल्यावर तेच शिकवतात. पण 910 जागांची मागची भरती आठवा : बारावी 50 टक्के, मुलांना उंची 172, मुलींना 162. भाऊ दारातूनच परत येईल. बहीण असती तर गोष्ट वेगळी.
मैदानाची तयारी मात्र आत्तापासूनच. 800 मीटर पळणं आणि 50 किलोचा माणसाचा पुतळा (डमी) खांद्यावर घेऊन पळणं, यातच पोरं गळतात. आमच्याकडची लेकरं सिमेंटची गोणी उचलून सराव करायलीत. वजन तेवढंच, पण गोणी ताठ राहते, पुतळा लोंबतो. त्यापेक्षा मोठ्या पोत्यात सोयाबीन सैल भरा, तोंड घट्ट बांधा, मग उचला. दाणा एका बाजूला सरकला की कंबर कशी धरायची ते आपोआप कळतं.

गोदाकाठ
छातीचंही बघा. 81 असून भागत नाही, फुगवून 5 सेंटीमीटर वाढ दिसलीच पाहिजे. घरी टेप लावा. आणि भावाला जड वाहनाचा परवाना काढायचा असेल तर तेही मनात ठेवा, चालकाच्या जागा वेगळ्या निघतात.

सेलूकर
टेप लावला. 80 आणि 84 भरली. उद्यापासून दंड-बैठका.