टॉर्पेडो लागून बोटीबरोबर गेलेल्या पणजोबांचं नाव कुठे मिळेल?

आईचे आजोबा मालवाहू बोटीवर बॉयलरला कोळसा टाकायच्या कामावर होते. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली, परत आले नाहीत, घरात एवढंच माहीत आहे. बोटीचं नाव "सिटी ऑफ" काहीतरी. आर्मी-नेव्हीत नव्हते, मग अशा लोकांची यादी असते का कुठे?

लंगर:
असते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर सर्च करा, फुकट आहे, तिथे इंडियन मर्चंट नेव्ही, म्हणजे लष्करी नव्हे तर व्यापारी बोटींवरचे लोक, वेगळी दाखवतात. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेले अविभाजित भारतातले सहा हजारांवर व्यापारी खलाशी एका स्मृतिग्रंथात आहेत, तो मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आणि दुसरी प्रत चितगावला. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारकपण मुंबईच्या त्याच सेलर्स होममध्ये आहे. फक्त आडनावावर विसंबू नका, गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, एकाच नावाची चार स्पेलिंगं टाकून बघा, नाहीतर आधी बोट शोधा आणि मग तिच्या बुडाल्याच्या तारखेवरून माणूस.

खारंवारं:
"सिटी ऑफ" नावाच्या बोटी एलरमन कंपनीच्या ढिगाने होत्या, त्यामुळे बंदर किंवा साल विचारा घरच्या म्हाताऱ्या माणसांना. सगळ्यात गाजलेली सिटी ऑफ बनारस, १७ सप्टेंबर १९४०च्या रात्री अटलांटिकमध्ये बुडवली. तिच्यावर कॅनडाला पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं होती, ७७ गेली, त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय आणि ते बरोबरच आहे, पण त्याच बोटीवरचे शंभरेक भारतीय खलाशीपण मेले ते कोणाच्या लक्षात असतं? पातळ सुती कपड्यांवर, उघड्या लाइफबोटीत, गारा आणि लाटा अंगावर घेत कुडकुडून गेले बिचारे. एक लाइफबोट तर ८ दिवसांनी सापडली, तिच्यातही बरेचसे आपलेच लोक होते.

जुनाट_कागद:
आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पाव-तिसरा हिस्सा. १९३९ला युद्ध सुरू झाल्यावर ह्याच लोकांनी ब्रिटिश बंदरांत पगारवाढीसाठी संप केला, काहींना तुरुंगात टाकलं, हे शाळेत कधी ऐकलंय कोणी? लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे, ३६ हजारांच्या आसपास नावं, तिकडे ३ सप्टेंबरला मर्चंट नेव्ही डे पाळतात. आपल्याकडे ५ एप्रिलला नॅशनल मेरिटाइम डे, पण तो सिंदिया कंपनीच्या लॉयल्टी बोटीच्या १९१९च्या सफरीसाठी, मेलेल्यांसाठी नाही.

प्रश्नकर्ता:
थँक्स सगळ्यांना. मामीकडे एक जुनं पोस्टकार्ड आहे म्हणतात, त्यावर लिव्हरपूलचा शिक्का. त्याचा उपयोग होईल का?

लंगर:
होईल की. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर टाका इथे, त्यानंतर बुडालेल्या "सिटी ऑफ" बोटी तेवढ्याच बघायच्या. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे कधीकधी बोटीचं नाव असतं.